छोट्या हत्तीचं पासिंग

मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी, त्याआधी दोन वर्षांतून एकदा. आमचा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) २०१२ चा, म्हणजे दरवर्षीवाला. मसाल्याचा आमचा छोटा कारखाना आहे. कांदा-लसूण मसाला, चटणी, हळद असा माल कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानांना जातो आणि आठवड्यातून एकदा गगनबावड्यावरून खाली कोकणात वैभववाडीला. येताना गाडी आमसुलं, काजू घेऊन घाट चढते. चक्की आणि डंख (मिरच्या कुटायचं यंत्र) नवऱ्याकडं, गाडी आणि कागदपत्रं माझ्याकडं, अशी घरात वाटणी आहे.

तरी पासिंगचं काम आजवर एजंटच करायचा. गाडी घेऊन जायचा, दोन दिवसांनी कागद आणि बिल आणून द्यायचा. बिलात सरकारी शुल्काच्या खाली ‘इतर खर्च’ अशी एक ओळ असायची आणि नेमकी तीच सगळ्यात जड असायची. यंदा म्हटलं, हा इतर खर्च कसला ते एकदा बघूच. त्यात गाडी घाटात काळा धूर सोडायला लागलेली. मागून येणारा दुचाकीवाला तोंडावर रुमाल धरून पुढं निघायचा आणि जाताजाता आमच्या ड्रायव्हर मामांना काहीतरी बोलून जायचा. काय बोलायचा ते मामा मला सांगत नाहीत. असली गाडी वर्षानुवर्षं पास होते कशी, हेही मला जाणून घ्यायचं होतं.

पोर्टलवर शुल्क भरणं, तारीख घेणं यात आता सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. विमा चालू, टॅक्स भरलेला, नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवलेली. पर्यावरण करही भरलेला. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना हा कर महाराष्ट्रात २०१० पासून आहे, बोलताना सगळे ग्रीन टॅक्सच म्हणतात. कर भरल्यानं धूर कमी होतो अशी काही सोय त्यात नाही. राहिली होती पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचा कागद. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी टप्पे; आकडा मोठा तसा नियम कडक. आमच्यासारख्या बीएस-३ गाडीची पीयूसी सहा महिने चालते, बीएस-४ आणि बीएस-६ ची वर्षभर.

मुख्य रस्त्यावर व्हॅन लावून बसलेल्या एका पीयूसीवाल्याकडं गेलो. त्यानं नंबरप्लेटचा फोटो काढला, नळी सायलेन्सरला लावल्यासारखी केली आणि मामांना म्हणाला, “नुसता पाय ठेवा, दाबू नका.” मामांनी नुसता पाय ठेवला. यंत्रावर आलेला आकडा शोरूममधून निघालेल्या गाडीलाही शोभला असता.

“झालं वैनी. दीडशे.”

मी म्हटलं, अहो, ही गाडी घाटात काळाकुट्ट धूर मारते, तुमच्याकडं पास कशी झाली?

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. “तुम्हाला पीयूसी पाहिजे का धूर पाहिजे?”

प्रश्न तसा चोख होता. मी कागद घेतला नाही. तो वैतागला, मामाही थोडे वैतागले, कारण जेवायची वेळ झाली होती.

दुसरीकडं, एका पेट्रोल पंपाच्या कडेला, पंचविशीचा एक मुलगा यंत्र घेऊन बसलेला. त्यानं आधी विचारलं, गाडी किती लांबून आणली, इंजिन गरम आहे का. गार इंजिनचा आकडा खरा नसतो म्हणाला. मग नळी आतपर्यंत घातली आणि मामांना सांगितलं, न्यूट्रलमध्ये ठेवा, मी म्हणेन तेव्हा पाय एकदम तळाला, मी म्हणेन तेव्हा सोडा. पहिल्या एक-दोन वेळा नुसतं नळीतलं साचलेलं झाडून काढलं, त्यानंतरचे आकडे धरले. गाडी अशी किंचाळत होती की शेजारचा चहावाला उठून बाहेर आला.

डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची गडदता मोजतात. यंत्रात एका बाजूनं उजेड सोडलेला असतो, धुरातून पलीकडं किती पोचतो त्यावरून हार्ट्रिज नावाच्या एककात आकडा येतो. बीएस-३ पर्यंतच्या गाड्यांना मर्यादा ६५ ची, बीएस-४ ला ५०. आमचा आला ७८. मुलगा म्हणाला, “न्हाई देता येत वैनी. पंपवाल्याकडं न्या, नोझल बघून घ्या. करून आणा, परत मोजू.” पंपवाला म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारा पंप दुरुस्त करणारा, आणि नोझल म्हणजे ते डिझेल आत फवारणारं तोंड. एवढ्या सगळ्या प्रकारात माझ्या गाडीचा धूर खरोखर मोजणारा हा एकटा माणूस. त्याला वेगळे पैसे द्यावेत असं वाटलं, पण नापास गाडीचे काय आणि कसे द्यायचे ते सुचलं नाही.

तिथून उद्यमनगर. कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगर समजावून सांगायला नको. लेथ, वेल्डिंग, ऑइल इंजिनचे सुटे भाग, आणि जगात कुठंही न मिळणारा पार्ट ‘संध्याकाळी या, करून ठेवतो’ म्हणणारी माणसं. आमचे मिस्त्री सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. गाडीखालून न निघताच बोलले.

“पासिंग हाय न्हवं? मग ठेवून जावा. पंप कमी करून देतो. पासिंग झालं की आणा, परत वाढवून देतो.”

पंप कमी करणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. जुन्या डिझेल इंजिनच्या पंपाला एक स्क्रू असतो. जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते त्यावर ठरतं. तो फिरवून डिझेल तोडलं की इंजिनाला ताकद राहत नाही, पण काळा धूरही राहत नाही. पीयूसीचं यंत्र धूर बघतं, ताकद बघत नाही. कागद हातात पडला की स्क्रू परत जागेवर.

मी विचारलं, “दरवर्षी असंच करायचात?”

“मग? तुमचा एजंट गाडी हितंच आणायचा की. जाताना एकदा, येताना एकदा.”

इतर खर्चाचा निदान एक तुकडा सापडला. मामांनाही काहीतरी सापडलं. ते एकदम म्हणाले, “तरीच! पासिंगच्या आठवड्यात करूळ घाट चढताना गाडी रडायची. मी म्हणायचो, डिझेलात पाणी हाय.” दरवर्षी त्या आठवड्यात मामा पेट्रोल पंप बदलायचे, हे मला आठवतं.

मिस्त्रींना म्हटलं, स्क्रूला हात लावू नका, धूर कशानं येतोय ते बघा. त्यांना ते फारसं रुचलं नाही. नोझल काढायच्या, पंपवाल्याकडं न्यायच्या, परत बसवायच्या, अर्धा दिवस मोडतो. पण सासऱ्यांचं नाव निघालं आणि काम झालं.

पंपवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. बाकी उद्यमनगरात काळं तेल आणि लोखंडाचा कीस, इथं मात्र चप्पल बाहेर काढायची. टेबलाला हातानं चालवायचा एक टेस्टर बसवलेला: वर डिझेलचं छोटं भांडं, मध्ये प्रेशरचं घड्याळ, बाजूला लांब दांडा. इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी, म्हणून नोझलही दोनच. त्यानं पहिली नोझल उलटी लावून दांडा दाबला. ‘चर्र चर्र’ असा आवाज आला आणि टोकातून इतका बारीक फवारा निघाला की थेंब दिसेनात, नुसतं धुकं. दांडा सोडला की टोक कोरडं. “ही झ्याक हाय.” मग दुसरी. आवाजच नाही. एक सुईएवढी धार सरळ जाऊन भांड्याच्या तळाला लागली. दांडा सोडल्यावर टोकाशी एक थेंब जमला, फुगला, लोंबला आणि पडला. त्यामागून आणखी एक.

“हा बघा तुमचा धूर,” तो म्हणाला.

फवारा झाला तर डिझेल हवेत मिसळतं आणि पुरतं जळतं. धार पडली तर मिसळत नाही, अर्धवट जळतं, त्याची काजळी होते. म्हणजे आमचं अर्धं इंजिन बिघडलेलं होतं आणि पंपाचा स्क्रू फिरवून आम्ही ते वर्षातून एकदा चार दिवसांसाठी झाकत होतो. मिस्त्रींनी एअर फिल्टरही काढून फरशीवर आपटला, मूठभर लाल माती निघाली. ते म्हणाले, “ह्यात गाडीची चूक न्हाई, रस्त्याची हाय.” नोझल, फिल्टर, ऑइल, मजुरी मिळून एजंटाच्या इतर खर्चापेक्षा थोडं जास्त झालं. परत त्या मुलाकडं गेलो, मामांनी पाय तळाला दाबला, आकडा आला ४१. मामांनी यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून घेतला. घरी दाखवायला म्हणे.

पासिंगच्या दिवशी सकाळी लवकर रांग लावली. पुढं रिक्षा, मागं शाळेची व्हॅन, तिच्यामागं दुधाचा टेम्पो. सगळ्या गाड्या धुऊन पुसून आलेल्या, काहींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. अग्निशामक नळकांडं आणि प्रथमोपचार पेटी यांची रांगेत देवघेव चालते. पुढच्याची तपासणी झाली की त्याची पेटी मागच्याच्या गाडीत. मलाही एकानं मागितली, पण आधी विचारलं, “साहेब कुठायत?” साहेब मिरच्या कुटतायत म्हटल्यावर त्याचा जरा गोंधळ झाला.

एक रिक्षावाले काका २०२४ चं सांगत होते. पासिंग चुकलं तर दिवसाला ५० रुपये दंड, असा नियम लागू झाला तेव्हा वर्षभर उभी राहिलेली रिक्षा विकूनही दंड फिटेना. राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर आले, मग सरकारनं स्थगिती दिली. “पासिंगला कोण न्हाई म्हणतंय?” काका म्हणाले. “पण गॅरेजला पैसं न्हाईत म्हणून गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणून दंड. मग गॅरेजला पैसं कुठनं आणू?” याचं उत्तर रांगेत कोणाकडंच नव्हतं.

ट्रक चालवून केस पांढरे झालेले दुसरे एक जण होते. त्यांचं म्हणणं, आता डिझेलला पहिल्यासारखा वास येत नाही. पूर्वी कावळा नाक्यावर सिग्नलला ट्रक थांबले की डोळे चुरचुरायचे. लोक हसले, पण ते बरोबर बोलत होते. त्या वासात आणि चुरचुरीत गंधकाचाही वाटा असतो. २०१० मध्ये देशभर बीएस-३ आलं तेव्हा डिझेलात गंधक ३५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग, चालायचं. २०१७ ला बीएस-४ आलं आणि मर्यादा ५० झाली. मग सरकारनं बीएस-५ ची पायरी गाळली आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६, गंधक १०. गाडी आमची २०१२ चीच, पण तिच्या टाकीत पडतं ते २०२० नंतरचं डिझेल. तिनं काही केलं नाही, मी काही केलं नाही, कुठल्या तपासणीनंही काही केलं नाही, तरी तिच्या धुरातलं गंधक कमी झालं. गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडं गाड्यांच्या धुरात जी काही सुधारणा झाली, तिचा मोठा वाटा रिफायनरीत आणि कारखान्यात झाला असं माझं मत आहे. पीयूसीच्या व्हॅनमध्ये झालेला वाटा बारीक आहे. पण तो शून्यही नाही, कारण बीएस-६ डिझेल गळक्या नोझलमधून सोडलं तरी काजळी होतेच.

आमचा नंबर आला. तपासणारे साहेब घाईत होते, पण काम करत होते. आधी चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला. मामांनी कापडानं चासी पुसली, नंबरावर कागद धरला आणि आडव्या पेन्सिलीनं हलके घासत गेले. एकेक अक्षर पांढरं उमटून वर आलं. इतक्या वर्षांच्या गंजातून तो आकडा वाचता येतो याचं मला नवल वाटलं. साहेबांनी कागदाशी ताडून घेतला. पुढं पांढरी टेप, मागं लाल, बाजूंना पिवळी. हॉर्न, वायपर, आरसे, टायर. मागचा उजवा दिवा लागेना. साहेब म्हणाले, लावून आणा, मग पुढचं बघतो. अशा ठिकाणी एक वायरमन पिशवी घेऊन बसलेला असतोच. त्यानं होल्डर घासला, दिवा लागला, पन्नास रुपये.

मग ब्रेक. यासाठी २५० मीटरचा ट्रॅक लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं हा आग्रह धरला होता, आणि २०१७ मध्ये ज्या कार्यालयांकडं असा ट्रॅक नव्हता तिथं पासिंग थांबवावं लागलं होतं. त्याआधी गाडी जागच्या जागी बघूनही सर्टिफिकेट निघायचं, असं ट्रकवाले आजोबा सांगत होते. मामांनी वेग धरला, खूण झाल्यावर कचकन दाबला. गाडी डावीकडं किंचित ओढली. साहेब म्हणाले, “उजवं लायनर बघून घ्या.” पास केली, पण बोलून दाखवलं. लायनर मी दुसऱ्याच दिवशी बदललं. वैभववाडीला उतरताना ब्रेक हीच एक गोष्ट मामांच्या हातात असते.

आणि धूर? पीयूसीचा कागद बघितला, सिस्टीमला तारीख बघितली, झालं. यात साहेबांचा दोष नाही, पद्धतच तशी आहे. धुराचा सगळा भरवसा त्या पावतीवर, आणि पावती कुठल्या पीयूसीवाल्याची ते कुणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विमा नाही असा नियम केला होता, २०२४ मध्ये तोही काढला, कारण त्यानं बिनविम्याच्या गाड्या वाढायला लागल्या. म्हणजे पावती सक्तीची करून बघितली आणि सैल करूनही बघितली. पावतीमागच्या मोजणीकडं मात्र फारसं कुणी वळलं नाही.

आता माणसाऐवजी यंत्रानं पासिंग करायची केंद्रं येतायत. नियम २०२१ चे. मोठ्या गाड्यांना ती सक्तीची व्हायची तारीख २०२३ वरून पुढं सरकत ऑक्टोबर २०२४ वर गेली. नाशिकला असं केंद्र आधीपासून आहे. तिथं ब्रेक मोजायच्या रोलरवर चढवली असती तर आमचं डावं-उजवं ब्रेक किती फरकानं धरतंय ते आकड्यात आलं असतं, ते चांगलंच आहे. पण पंपाचा स्क्रू त्या यंत्रालाही दिसणार नाही. गाडी उद्यमनगरातून पंप कमी करून येईल, यंत्र तिला पास करील, गाडी उद्यमनगरात परत जाईल. स्क्रू पकडायचा तर घाटाच्या वरच्या टोकाला उभं राहून, माल भरलेली गाडी चढून आल्यावर नळी लावली पाहिजे. गगनबावड्याच्या पावसात ते काम करायला कोण तयार होईल, हा वेगळा प्रश्न.

आणखी एक. केंद्राचा स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, त्यातल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. महाद्वार रोडला आणि विद्यापीठात हवेतले धूलिकण मोजतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत मोजते ती नुसती गडदता, नायट्रोजनची ऑक्साइडं नाहीत, बारीक कणांचं वजन नाही. दोन्ही मोजण्या एकाच हवेच्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख नाही. आणि माझ्या फिल्टरमधून निघालेली मूठभर माती तर कुठल्याच गाडीच्या नावावर लागत नाही. रस्ते खणून तसेच ठेवणाऱ्यांची पीयूसी काढायला हवी, असं मामांचं मत आहे.

सर्टिफिकेट मिळालं. त्यानंतर गाडी लिटरमागं दीडएक किलोमीटर जास्त देतेय. मामा अड्ड्यावर इतर टेम्पोवाल्यांना ‘काळा धूर म्हंजे सायलेन्सरमधनं पैसं चाललंत’ असं सांगतात आणि यंत्राचा फोटो दाखवतात. त्यांतल्या दोघांनी नोझल तपासून घेतल्या. पर्यावरणासाठी नव्हे, डिझेलच्या भावासाठी. माझी तक्रार नाही.

एजंटाचा फोन आला होता, यंदा गाडी आली नाही म्हणून. पुढच्या वर्षी बघू म्हटलं. खरा प्रश्न २०२७ चा आहे, तेव्हा गाडीला पंधरा वर्षं होतील. पंधरा वर्षांवरच्या हलक्या मालवाहू गाडीचं पासिंग शुल्क केंद्रानं २०२२ मध्येच ७,५०० रुपयांवर नेलं होतं. नवरा म्हणतो, त्याआधी काढून टाकू. पण आम्ही विकली तर ती कोकणातल्या कुठल्यातरी वाडीत धावणार, आणि तिथं तिच्या नोझल कोण काढून बघणार? भंगारात घालायची तर इंजिन अजून ठणठणीत, मामा ऐकणार नाहीत. बॅटरीवरचा टेम्पो मी जाऊन बघून आले. लक्ष्मीपुरीतल्या फेऱ्यांना तो चालेल. माल भरून करूळ चढेल का, असं विचारल्यावर विक्रेत्यानं मला चहा सांगितला. त्याच्याकडून लेखी उत्तर मागितलंय, अजून आलेलं नाही.